दोन्हीकडे चालेल अशी

बाईनं बाईचा हेवा करावा, जावेनं जावेचा करावा, ही जगाची रीतच आहे. मी बॅगेचा केला. हसायचं तर हसा, माझ्या सासूबाई अजून हसतात. पण जी बाई वीस वर्षं लोकांच्या बॅगा शिवते, उसवते, चेनी बदलते, पट्टे जोडते, तिच्याच नवऱ्यानं एक दिवस जेवता जेवता म्हणावं, "मला एक नवी बॅग बघायला हवी," आणि तीही दुकानातली, तर त्या बाईनं काय टाळ्या वाजवायच्या?

आमच्या घराची पुढची खोली हेच माझं दुकान. शटर वर केलं की रस्ता, मधला पडदा सारला की स्वयंपाकघर. खिडकीशी माझं मशीन, जाड कापड शिवायचं. ते सुरू झालं की सासूबाई म्हणतात, "आली बाई गिरणी." भिंतीवर दुरुस्तीला आलेल्या बॅगा टांगलेल्या असतात. शाळेच्या, प्रवासाच्या, औषधं विकत फिरणाऱ्यांच्या, मधेच एखादी गिटारची. गिऱ्हाईक बॅग ठेवून गेलं की मी आधी ती उलटी करते. वरून काय, सगळ्याच गोऱ्यागोमट्या असतात. पट्टा बॅगेला जिथं जोडतात तिथं चौकोन शिवून त्यात फुली मारायची असते, कारण सगळा भार त्या फुलीवर पडतो. निम्मे कारखानेवाले चौकोन शिवतात आणि फुली खातात, मग ती बॅग येते माझ्याकडे. त्यांच्या आळसावर माझी चूल पेटते, म्हणून मी त्यांना फार शिव्या देत नाही.

आमचे हे फोटोग्राफर आहेत. असं म्हटलं की लोक विचारतात, "लग्नाचे का?" नाही हो, भेगांचे. जुन्या इमारती तपासणारं एक ऑफिस आहे, तिथं ते नोकरीला आहेत. कुठं भिंत फुटली, कुठं गच्ची गळायला लागली, कुठं खांबातली सळई उघडी पडली, की हे शिडी लावून वर चढतात आणि भेगेशेजारी पट्टी धरून फोटो काढतात. सोमवार ते शनिवार भेगा आणि रविवारी पाखरं. शहराबाहेर एक तळं आहे, त्याच्या पलीकडे काटेरी झुडपांचा माळ, तिथं जाऊन तासन्‌तास बसतात. सासूबाई म्हणतात, "आठवडाभर फुटकं बघतो, एक दिवस डोळ्यांना बरं दिसू दे." माणूस गरीब. दोन शब्दांत भागत असेल तर तिसरा खर्च करणार नाही. घरात बोलायचं काम माझं, दोघांच्या वाटचं.

आमची गाठ पडली तीही बॅगेमुळेच. मी तेव्हा मावशीच्या दुकानात काम शिकत होते. हे पट्टा तुटलेली बॅग दोन्ही हातांनी पोटाशी कवटाळून आले. मी ती उलटी केली, टाके बघितले आणि म्हटलं, "ही ज्यानं विकली त्याला सांगा, पाप लागेल." ते म्हणाले, "मग तुम्हीच एक शिवून द्या." झालं, एवढंच आमचं प्रेमप्रकरण. मावशी पुढं सगळ्यांना सांगायची, "त्यानं मागणी घातली बॅगेला आणि ही बया स्वतःच होकार देऊन बसली."

ती बॅग शिवेपर्यंत लग्नाला वर्ष झालं होतं, पण शिवली ती अशी की बघत राहावं. खाकी कॅनव्हास, आत फोमचे कप्पे, तळाला रेक्झिन. पट्टा डाव्या खांद्यावरून तिरपा यायचा आणि बॅग उजव्या कमरेवर बसायची. झाकण असं बेतलं होतं की न बघता उजवा हात आत घातला तर थेट कॅमेऱ्यावर पडावा. उजव्या खांद्यावर घेतली तर सगळंच उलटं, उघडता उघडत नाही. म्हणजे ती बॅग ह्यांच्याशिवाय कुणाच्या कामाची नव्हती, आणि ते मला फार आवडायचं. सतरा वर्षं वापरली त्यांनी. अस्तर चारदा बदललं, चेनी किती बदलल्या आठवत नाही. सकाळी ते ऑफिसला निघाले की मी दारात उभी राहायचे आणि मनात म्हणायचे, चाललं बाई माझं काम मिरवत.

आता कळलं ना, त्या दिवशी जेवताना माझा घास का अडकला ते?

"कसली बॅग?" मी विचारलं.

"दोन्हीकडे चालेल अशी."

"दोन्हीकडे म्हणजे?"

ते पाणी प्यायले. तोंड पुसलं. मग म्हणाले, "म्हणजे... तळ्यावर पण आणि ऑफिसला पण."

"मग ही सतरा वर्षं कुठं चालत होती? चंद्रावर?"

"अगं, बॅग मागतोय तो," सासूबाई म्हणाल्या, "दुसरी बायको नाही मागत."

"आज बॅग मागतायत. उद्याचं कुणी बघितलंय?"

हे हसले आणि खाली मान घालून जेवले. मला वाटलं विषय मिटला. कसला मिटतोय! दुसऱ्या दिवसापासून फोनवर बॅगाच बॅगा. काळ्या, करड्या, पाठीवरच्या, छातीवरच्या. रंग, वजन, किती लिटर. लिटर म्हणे! बॅगेत काय दूध आणायचंय?

आणि ह्या बॅगा येत कुठून होत्या? तर नकाशेवालीकडून.

नकाशेवाली म्हणजे ह्यांच्याच ऑफिसातली. इमारतींचे नकाशे काढते, म्हणून मी तिला नकाशेवाली म्हणते. दोन वर्षांपूर्वी लागली. उंच, केस आखूड, आणि बोलताना समोरच्याकडे अशी नीट बघते की आपण काहीतरी लपवतोय असं आपल्यालाच वाटावं. हे भेगेचा फोटो काढतात तेव्हा ती खाली उभी राहून मापं लिहून घेते. त्यात तिलाही पाखरांचं वेड. रविवारी तळ्यावर जाणारं ते टोळकं असतं ना सात-आठ जणांचं, त्यात ती पण. वाईट चालीची असती तर बरं झालं असतं, मनसोक्त नावं ठेवली असती. पण तसं काही नव्हतं. साधी, कामसू बाई. त्यामुळे आतल्या आत जळण्याशिवाय काही करता येईना.

एक दिवस ह्यांचा फोन ओट्यावर पडला होता आणि तिचा निरोप आला. मी चोरून वाचला नाही. फोन उताणा होता आणि माझे डोळे शाबूत आहेत. लिहिलं होतं, "ही बघा. पाठीला जाळी आहे. दोन्हीकडे चालेल."

दोन्हीकडे! तोच शब्द! म्हणजे आमचे हे घरात जे बोलतात ते आधी तिकडे बोलून येतात, आणि मला मिळतं ते शिळं. तळपायाची आग मस्तकात गेली. मी भांडी अशी घासली की सासूबाई आतून ओरडल्या, "कल्हई निघेल गं!"

"काय म्हणतेय तुमची नकाशेवाली?" मी संध्याकाळी विचारलं.

"बॅगेचं बघतेय. तिला त्यातलं कळतं."

तिला त्यातलं कळतं! पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. शहरातली अर्धी बॅगवाली मंडळी माझ्या दारात येऊन उभी राहतात आणि माझा नवरा बॅगेचा सल्ला घेतो नकाशे काढणारीकडून. मी एक शब्द बोलले नाही. मी बोलले नाही म्हणजे काहीतरी शिजतंय हे सासूबाईंनी ओळखलं. ह्यांनी नाही ओळखलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शटर ओढलं आणि गेले कॅमेऱ्याच्या दुकानात. म्हटलं, शत्रू बघून तर येऊ. पहिल्या मजल्यावर, काचेचं दार, आत गार हवा. दुकानदार तरतरीत, बोलायला साखर. "मिस्टरांसाठी बघतेय," मी म्हटलं. "रानात पण न्यायची, शहरात पण."

"ताई, इथंच तर सगळे अडकतात," तो म्हणाला. "रानातली बॅग मोठी हवी, लांब लेन्स बसायला. चिखल, काटे, पाऊस सोसायला हवा. आणि झटक्यात उघडायला हवी, पाखरू काही आपल्यासाठी थांबत नाही. शहरात नेमकं उलटं. बाहेर खिसे असले की बसमध्ये कुणाचा तरी हात आत. झटक्यात उघडली तर चोरालाही झटक्यात उघडते. शिवाय ऑफिसात बरी दिसायला हवी, कागद ठेवायला जागा हवी."

त्यानं एकामागून एक बॅगा काढल्या. मी पहिली हातात घेतली आणि उलटी केली.

"ताई, उलटी नका करू, नवी आहे."

"लग्नाआधी मुलगी बघतात, मग बॅग का नको?" मी म्हटलं आणि दुसरी उलटी केली.

चांगल्या होत्या हो. खोटं कशाला बोलू? एकीचं झाकण पाठीच्या बाजूनं उघडत होतं, म्हणजे बॅग अंगावर असेपर्यंत कुणाची माय व्याली नाही तिला उघडायला. एकीच्या तळाशी पावसाचं आवरण घडी करून ठेवलेलं. मी सगळं डोळ्यांत साठवलं, "मिस्टरांना विचारून येते" म्हटलं आणि बाहेर पडले. त्यानं माझ्यामागे सहा बॅगा पुन्हा सुलट्या केल्या असतील.

पुढचे नऊ दिवस मी दुसरं काम हातात घेतलं नाही. हे ऑफिसला गेले की मशीनवर बसायचे आणि त्यांची पावलं वाजायच्या आत कापड गिऱ्हाइकांच्या बॅगांच्या ढिगाखाली सरकवायचे. सासूबाई दोरे तोडायला बसायच्या. "एवढी मेहनत सून म्हणून आलीस तेव्हा माझ्यासाठी केली असतीस तर," असं म्हणायच्या आणि दोरे तोडायच्या. जाड हिरवट कॅनव्हास, मेण लावलेलं. झाकण अंगाच्या बाजूनं उघडणारं. लांब लेन्सचा वेगळा कप्पा. ऑफिसच्या कागदांना सपाट खण. तळाला दुहेरी रेक्झिन, त्यात पावसाचं आवरण. आणि पट्टा चांगला चार बोटं रुंद, आत जाड लोकरीचा नमदा भरलेला. तिरपा, डाव्या खांद्यावरून यायचा, जसा नेहमी असतो तसा. ह्यांचं माप मला घ्यावं लागत नाही. डोळे मिटून कापड कापते मी.

शनिवारी संध्याकाळी बॅग टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "घ्या. दोन्हीकडे चालेल अशी."

ते बघत राहिले. झाकण उघडलं, मिटलं. लेन्सच्या कप्प्यात हात फिरवला. मग अंगाकडच्या बाजूचं ते झाकण कसं चालतं ते बघताना त्यांचे डोळे ओले झाल्यासारखे वाटले. मला वाटलं, जिंकले मी. म्हटलं, घालून बघा, आणि मीच पट्टा त्यांच्या डाव्या खांद्यावर चढवला. ते 'स्स' करून आखडले.

"काय झालं?"

"काही नाही. छान आहे. फार छान झालीय."

'फार' हा तिसरा शब्द होता. माझा माणूस तिसरा शब्द उगाच खर्च करत नाही. म्हणजे आवडली नाही, मी ओळखलं. हिरमुसले, पण म्हटलं, वापरतील तेव्हा कळेल.

रविवारी ती बॅग घेऊन ते तळ्यावर गेले. दुपारी मी शटर अर्धं वर करून एका बॅगेची चेन बसवत होते. सहज वर बघितलं तर रस्त्याच्या वळणावरून दोघं चालत येत होती. हे आणि नकाशेवाली. ह्यांचे दोन्ही हात रिकामे. आणि माझी बॅग तिच्या खांद्यावर!

मी नऊ दिवस पाठ मोडून शिवलेली. माझ्या नवऱ्याच्या मापाची. तिच्या अंगावर! त्यात ती दुसऱ्या कुणालाच नीट बसू नये म्हणून देवानं आणि मी घेतलेली सगळी काळजी फुकट, कारण तिला ती दिसत होती झकास.

मी उठले ती थेट रस्त्यात. कात्री हातातच राहिली होती, ते नंतर समोरच्या इस्त्रीवाल्यानं सांगितलं.

"ती बॅग द्या इकडे," मी म्हटलं.

तिनं लगेच उतरवून दिली. वर हसली. "घ्या ना. काय सुंदर शिवलीय हो तुम्ही! मीच म्हटलं ह्यांना, परतीचं ओझं मी घेते. डाव्या खांद्यावर भार द्यायचा नाहीये ना त्यांना. तुम्हाला माहीतच असेल."

तुम्हाला माहीतच असेल.

"हो, माहीत आहे की," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? माझ्याच दारात, माझ्याच नवऱ्याबद्दल, मला माहीत नाही असं म्हणू?

"डॉक्टर म्हणालेत ना, वजन दोन्हीकडे सारखं पडायला हवं. म्हणून तर दोन पट्ट्यांची शोधत होतो आम्ही," ती म्हणाली, ह्यांच्याकडे एकदा बघितलं, आणि काहीतरी चुकलं हे तिच्या लक्षात आलं असावं. "येते मी," म्हणाली आणि गेली.

दोन्हीकडे. दोन्ही खांद्यांवर. आणि मी काय ऐकलं होतं? रान आणि शहर. आणि तेच धरून मी नऊ दिवस मशीन हाकलं होतं.

आत आलो. मी शटर खाली ओढलं. ह्यांनी खुर्ची घेतली, मी उभीच.

"किती दिवस दुखतंय?"

"दीड वर्ष झालं."

"दीड वर्ष! आणि मला एका शब्दानं नाही? तिला सांगितलंत, आणि मी कोण? भाडेकरू?"

"तिला कुठं सांगितलं," ते म्हणाले. "तिनं बघितलं."

"काय बघितलं?"

"शिडीवरून उतरताना मी पट्टा उजव्या हातानं उचलून धरायचो. ती खाली उभी असायची. म्हणाली, खांदा दुखतोय का? मग तिनंच डॉक्टरचा नंबर दिला."

तोवर पडद्याआडून सासूबाई म्हणाल्या, "सदरा घालताना वाकडा होतो तो. मला वाटलं तुला ठाऊक आहे."

घ्या! मोतीबिंदूच्या डोळ्यांनी म्हातारीला दिसलं, परकीला शिडीखालून दिसलं, आणि मी रोज दारात उभी राहून बघत होते बॅगेकडे. मला लाज वाटली. पण खरं सांगू? लाजेच्या आधी हेवाच वाटला. तिनं बघितलं, ह्याचा. बॅगेचं ठीक होतं, बॅग दुसरी शिवता येते. हे कुठून आणायचं?

"मला सांगायला काय झालं होतं?" माझा आवाज चढला तो भांडायला नव्हे, रडू आवरायला.

त्यांनी डोक्यावरची उन्हाची टोपी काढली आणि तिची कड चाचपली. मग बोलले, आणि त्यांच्या मानानं खूप बोलले. "तुला सांगितलं असतं तर त्याच रात्री बॅग उसवली असतीस तू. सतरा वर्षं जो भेटेल त्याला सांगतोय मी, बायकोनं शिवलीय म्हणून. आता कुठल्या तोंडानं सांगू, त्या पट्ट्यानंच खांदा गेला? म्हटलं, नवी हवी असं सांगावं, रानाचं निमित्त करावं. तर तू ही शिवून ठेवलीस. काय बोलणार मग?"

"बोलायचं! 'स्स' केल्यावर 'फार छान' कशाला म्हणायचं?"

"छान आहेच ती," ते म्हणाले.

त्यावर मी रडले. सासूबाई बाहेर आल्या, दोघांपुढे चहा ठेवला आणि काही न बोलता गेल्या. त्यांनी असं गप्प राहणं म्हणजे प्रकरण गंभीर.

चहा पिता पिता डोकं चालायला लागलं. दोन पट्ट्यांची मीच शिवली तर? पण तेवढं मला कळतं. पाठीवरच्या बॅगेला आत कडक पाठ लागते, कमरपट्टा लागतो, जाड साच्यातला फोम लागतो, आणि तो माझ्या मशीनच्या पायाखालून जात नाही. शिवली असती मी, हट्टानं शिवली असती, आणि आणखी दोन वर्षांनी उजवा खांदाही गेला असता. ते म्हणाले असते, फार छान.

"उद्या ऑफिस सुटलं की दुकानात," मी म्हटलं. "मी येतेय."

"तिलाही बोलवू? म्हणजे तिनं सगळ्या बघितल्यात."

काही माणसांना देव अक्कल देताना मधेच जेवायला उठतो. "नको," मी म्हटलं.

मला बघून दुकानदारानं आधी काउंटरवरच्या बॅगा मागे ओढल्या. "ताई, आज पण उलट्या?"

"आज घ्यायला आलोय. काढा सगळ्या."

ह्यांचा कॅमेरा, दोन्ही लेन्सा आणि ऑफिसची फाईल बरोबरच नेली होती. रिकामी बॅग काय, कुणालाही बसते. पहिली बॅग मोठी, बाहेर दोऱ्या आणि कड्या लोंबत होत्या. "ही घालून ऑफिसात गेलात तर साहेब विचारतील, कुठल्या डोंगराला निघालात?" ती बाजूला. दुसरी काळी, गुळगुळीत, साहेबी. तिच्यात लांब लेन्स आडवी पण जाईना, तिरपी पण जाईना. तिसरीला सगळं होतं, पण उलटी केल्यावर पट्ट्याशी फुली नव्हती, नुसता चौकोन. "ही वर्षभरात माझ्याकडे येईल," मी दुकानदाराला म्हटलं.

चौथी करडी होती. मळखाऊ रंग, रानात डोळ्यांवर येणार नाही आणि ऑफिसातही खपून जाईल. झाकण पाठीच्या बाजूला. एका कुशीला छोटी चेन, एक पट्टा उतरवून बॅग पुढं ओढली की कॅमेरा हातात, म्हणजे पाखरासाठी ती आणि बससाठी पाठीमागचं झाकण. कमरपट्टा नको असेल तेव्हा आत सरकवून ठेवायचा. मी उलटी केली. पट्ट्याशी चौकोन, चौकोनात फुली, आणि फुलीवर पुन्हा फुली. एक टाका हललेला नाही. कुण्या परक्या गावात कुण्या परक्या बाईनं मशीनवर बसून माझ्या नवऱ्यासाठी हे करून ठेवलं होतं, आणि मी केलं असतं त्याच्यापेक्षा चांगलं केलं होतं. तिचाही मी हेवा केला. तिथल्या तिथं, उभ्या उभ्या.

"ही," मी म्हटलं.

सामान भरलं. त्यांनी बॅग पाठीवर घेतली, आणि पट्टे ओढून बसवायला मी त्यांच्या मागे गेले. रोज सकाळी मी त्यांना जाताना बघते, पण तेव्हा उजव्या कमरेकडे नजर असते माझी, बॅग कशी लटकतेय, चेन लागलीय का. आज पहिल्यांदा खांदे बघितले. डावा खांदा उजव्यापेक्षा चांगला दोन बोटं खाली होता. शिवणाऱ्या बाईला बोटभर फरक लांबून कळतो. हा दोन बोटांचा होता, आणि तो काही आठवड्याभरात झालेला नव्हता.

माझा हात पट्ट्यावर थांबला. "दुखतंय?" मी विचारलं.

"आता नाही," ते म्हणाले.

मी डावा पट्टा ओढला. मग आणखी थोडा. उजवा सैल सोडला. बॅग सरळ बसेपर्यंत ओढत राहिले.

दुकानदार पुढं झाला. "ताई, दोन्ही पट्टे सारखे ठेवतात."

"तुम्ही बॅगेकडे बघताय," मी म्हटलं. तो मागे सरला.

ह्यांनी आरशात बघितलं, खांदे हलवले, एक पाऊल चालले, मग दुसरं. दीड वर्षात त्यांना असं मोकळं चालताना मी बघितलं नव्हतं, आणि ते बघितलं नव्हतं हेही मला आत्ताच कळत होतं. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि आरशातला आपला फोटो काढला.

"कुणाला?" मी विचारलं, जणू मला ठाऊकच नाही.

"तिला कळवतो. तिनं एवढं शोधलं म्हणून."

"कळवा की. मी कुठं नाही म्हणतेय? पण पट्टे कुणी बांधले तेही लिहा."

ते लिहायला लागले. मी शेजारी उभी राहून वाचत होते, उघड उघड. त्यांनी लिहिलं, "बॅग घेतली. पट्टे हिनं बांधून दिले."

"'हिनं' नको," मी म्हटलं. "'बायकोनं' लिहा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग 'हिनं' पुसलं आणि 'बायकोनं' लिहिलं.